भिंगरी बाईंची साठी

आमच्या स्टाफरूममध्ये खुर्च्या नेहमीच कमी पडायच्या, तरी एक खुर्ची कायम रिकामी असायची. ती साळुंके बाईंची. नव्यानं आलेल्या शिक्षकाला सगळे बिनधास्त सांगायचे, "तिथं बसा. बाई काही बसायच्या नाहीत." कळंबच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले त्या दिवशी त्याच खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं एक उंच, काटक बाई आत आल्या. हातातलं डस्टर टेबलावर टाकलं, चहाचा कप उचलला आणि खिडकीपासून कपाटापर्यंत फेऱ्या मारत चहा पिऊ लागल्या. मी गडबडून उठले तर म्हणाल्या, "बस गं. खुर्चीत बसलं की माझे पाय ओरडतात." कप रिकामा होईपर्यंत त्या दाराबाहेर गेल्यासुद्धा होत्या. कप मला व्हरांड्याच्या कठड्यावर सापडला.

बाई भूगोल शिकवायच्या. पोरांनी त्यांचं नाव 'भिंगरी' ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर भिंगरीचं चित्र काढून ठेवलं. बाईंनी चित्राकडं बघितलं, खडू घेतला आणि त्या भिंगरीला दोन्ही बाजूंनी दोरा काढला. "दोऱ्याशिवाय फिरंल का रे ती?" एवढंच बोलल्या आणि पुढचा धडा काढायला सांगितला.

उत्तरपत्रिका त्या व्हरांड्यातून येरझाऱ्या घालत तपासायच्या. एका हातात पॅड, दुसऱ्यात लाल पेन. त्यामुळं त्यांचे आकडे असे हेलकावे खायचे की एक आहे की सात, हे मुलांना घरी जाऊन ठरवावं लागायचं. फोनवर बोलतानाही पाय चालूच. पलीकडच्या माणसाला वाटायचं, बाईंना धाप लागली आहे, काहीतरी वाईट घडलंय. लग्नाला गेल्या तर पंगतीत बसण्याआधीच वाढायला लागायच्या. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आईनं त्यांना वाढप्यांतली बाई समजून मसालेभात संपल्याचं रागावून सांगितलं. बाईंनी मुकाट्यानं आतून नवं पातेलं आणलं.

मी शाळेत आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. सहावीच्या वर्गाला नदीचं वळण शिकवायचं होतं. बाईंनी फळ्यावर एक रेघ काढली, पुसली, पुन्हा काढली. मग म्हणाल्या, "चपला घाला." अख्खा वर्ग रांगेनं शाळेच्या फाटकातून बाहेर पडला आणि मांजरा नदीच्या रस्त्याला लागला. मी ऑफ तासाला होते, मलाही बरोबर घेतलं. नदीच्या आतल्या काठावर वाळू कशी साठते, बाहेरच्या काठाला दरड कशी तुटते, हे पोरांनी हात लावून पाहिलं. दोघं गुडघ्यापर्यंत भिजले. परत आलो तेव्हा शाळा सुटून गेली होती, फाटकापाशी पालक जमले होते आणि मुख्याध्यापक घाम पुसत उभे होते.

"परवानगी कुणाची घेतली होती, बाई?"

"कुणाचीच न्हाय, सर. तुमच्याकडं आले असते तर तुम्ही नको म्हणाला असता. मग मला खोटं बोलावं लागलं असतं."

मुख्याध्यापकांनी मेमो दिला. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला, सही केली आणि दुसऱ्या दिवशी सहावीची दुसरी तुकडी कधी न्यायची, ते विचारायला पुन्हा त्यांच्याच केबिनमध्ये गेल्या.

अशी ही बाई संध्याकाळी शाळा सुटली की मात्र कुणासाठी थांबायची नाही. घरी यजमान अंथरुणावर होते. ते मोजणी खात्यात होते, जमिनी मोजायला सगळा जिल्हा पायी तुडवलेले. अर्धांगवायूनं एक बाजू गेली, बोलणंही गेलं. काही शब्द तेवढे तोंडातून निघायचे, तेही तुटके. मुलगा अभिजित तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता, पुढं तिथंच नोकरीला लागला. बाई दिवसभर शाळा करायच्या, मधल्या सुट्टीत घरी पळत जाऊन त्यांना भरवून यायच्या आणि संध्याकाळनंतर घराबाहेर पडायच्या नाहीत. गणपतीची आरास बघायला नाही, हळदीकुंकवाला नाही, नात्यातल्या परगावच्या लग्नालाही नाही. वर्षामागून वर्षं असं चाललं. मला वाटायचं, एका जागी दोन मिनिटं न टिकणाऱ्या या बाईला देवानं शोधून शोधून ही शिक्षा दिली आहे.

एकदा संक्रांतीच्या आसपास तिळाच्या पोळ्या द्यायला मी त्यांच्याकडं गेले. दार लोटलेलं होतं, खिडकी उघडी होती. बाई पलंगावर पायथ्याशी बसल्या होत्या. यजमानांचं पाऊल मांडीवर घेऊन त्याला तेल लावत होत्या आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. यजमानांनी डोळे मिटलेले होते, तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू होतं. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. पोळ्यांचा डबा पायरीवर ठेवून आले. बाईंना असं बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते आणि काहीतरी खाजगी पाहिल्यासारखं मला वाटलं.

यजमान गेले आणि दोन-तीन वर्षांत बाई निवृत्त झाल्या. त्यानंतर जे झालं ते बघवत नव्हतं. घरातली कपाटं या भिंतीची त्या भिंतीला गेली आणि परत आली. स्वयंपाकघराला आधी पिवळा रंग लागला, मग हिरवा. सकाळी एसटी स्टँडवर जाऊन जी गाडी सुटायला तयार असेल तिच्यात बसायच्या. लातूर म्हणू नका, बार्शी म्हणू नका. तिथं गावात दोन चकरा मारायच्या आणि दुपारच्या गाडीनं परत. उजाडायच्या आत माझा फोन वाजायचा, "उठलीस का? काय करायलीस? चल की." कुठं चल, हे त्यांनाही माहीत नसायचं.

अभिजितनं त्यांना पुण्याला नेलं. आठवड्यात परत आल्या. "कसं आहे घर?" मी विचारलं.

"घर चांगलंय. पोरगंही चांगलंय, सूनही चांगली. पण लिफ्ट आहे गं. माणूस उभ्या उभ्या वर जातं, उभ्या उभ्या खाली येतं. दिवस कसा संपवायचा माणसानं?"

साठावा वाढदिवस जवळ आला तसा अभिजितनं पुण्यात हॉल बघितला. साठी शांत करायची, होम, जेवण, सगळे नातेवाईक. बाईंनी फोनवरच सांगितलं, "मी साठीला चालणार आहे. सोनारीपासून नळदुर्गपर्यंत." सोनारी हे परंड्याकडचं त्यांचं सासर. जिल्ह्याच्या पार पश्चिमेला. नळदुर्ग तिकडं सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. मध्ये भूम, वाशी, येडशी, धाराशिव, तुळजापूर. अभिजितला आधी वाटलं आई थट्टा करतेय. मग त्यांच्यात बरीच वादावादी झाली. शेवटी असं ठरलं की आईनं हे एकदाचं चालून घ्यावं आणि मग कायमचं पुण्याला यावं. बाईंनी कबूल केलं.

"नवस आहे का?" कळंबात जो तो विचारायचा.

"न्हाय."

"तुळजापूरला चालत जातात तसं का?"

"तुळजापूर वाटेत लागतं," बाई म्हणायच्या.

एकटीला सोडायचं कसं, म्हणून मी रजा टाकली. माझ्या यजमानांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन माझ्यासाठी बूट आणले.

जानेवारीतल्या एका गार सकाळी सोनारीच्या काळभैरवाचं दर्शन घेऊन आम्ही निघालो. निघालो म्हणजे, निघणार होतो. तिथं माकडं फार. बाई उंबऱ्याला हात लावायला वाकल्या आणि एका माकडिणीनं त्यांच्या खांद्यावरची पिशवी ओढून नेली. आत वाटेसाठी केलेल्या दशम्या होत्या. सगळं कुटुंब कळसावर बसून आमच्या दशम्या खाऊ लागलं. मी हळहळले. बाई वर बघून म्हणाल्या, "खा बाई. सासरची माणसं आहेत, त्यांचा मान आधी."

रस्त्यात आम्हाला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "गाडी चुकली का?" मोटारसायकली आपणहून थांबायच्या. "मावशी, बसा मागं. सोडतो फाट्यावर." उसाचे ट्रॅक्टर कर्णे वाजवत जवळून जायचे, वरून एखादं कांडं पडायचं. मुक्कामाची चिंता नव्हती. बाईंचे विद्यार्थी जिल्हाभर. कुणी मोबाईलचं दुकान टाकलेलं, कुणी ग्रामसेवक, कुणी नुसतंच शेत करणारं. भूमला एका विद्यार्थिनीनं आम्हाला गरम पाण्यात पाय बुडवून बसवलं. माझे बुडले. बाई घमेल्यात उभ्या राहून तिच्या सासूशी बोलत होत्या.

एक गोष्ट मला कळत नव्हती. कुठलंही गाव आलं की वेशीजवळ बाई थबकायच्या. एखादं चिंचेचं झाड, एखादा ओढा, बांधावरचा दगड असं काहीतरी निरखायच्या, ओठातल्या ओठात पुटपुटायच्या आणि मान हलवून पुढं निघायच्या. मला वाटलं, जप करत असतील. वाशीला मात्र त्या सरळ स्टँडवरच्या म्हाताऱ्या माणसांकडं गेल्या आणि एका जुन्या विहिरीची चौकशी करू लागल्या. दगडी, पायऱ्यांची, शेजारी कडुनिंब असलेली.

"ती व्हय? ती कवाच बुजवली," एकजण म्हणाला. "गाळे काढलेत तिथं."

"बुजवली?" बाईंनी तीनदा विचारलं. मग तरातरा रस्त्याला लागल्या. मी मागं पडले तरी वळून बघितलं नाही. त्यांच्या चालण्याचा वेग वाढला होता आणि तो पुढंही वाढतच गेला. येडशी गेली, धाराशिव गेलं. माझे घोटे सुजले. बाईंची झोप कमी झाली. तुळजापुरात आम्ही एका ओळखीच्या पुजाऱ्यांकडं उतरलो. दर्शन झालं, जेवणं झाली, तरी बाई खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. मी म्हणाले, "बाई, उद्या तुमचा वाढदिवस. उद्याचा दिवस इथंच थांबू. देवीच्या दारात साठी होईल."

"नको. उद्या पुढचं."

"एवढं काय आहे पुढं?"

बाई खिडकीपाशी थांबल्या. "तेच मला माहीत न्हाय गं," म्हणाल्या.

सकाळी मी पुजाऱ्यांच्या घरून ताम्हण मागून घेतलं आणि त्यांना ओवाळलं. कुंकू लावेपर्यंत एका पायावरून दुसऱ्या पायावर त्यांचं चाललं होतं. साखरेची चिमूट तोंडात घातली आणि पिशवी खांद्याला लावली. आम्ही नळदुर्गच्या रस्त्याला लागलो.

दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. ऊन चढायला लागलं तेव्हा मागून हॉर्न वाजला. पांढरी गाडी. अभिजित उतरला. पुण्याहून भल्या पहाटे निघालेला दिसत होता. त्यानं रस्त्यावरच आईला वाकून नमस्कार केला. "हॅपी बर्थडे, आई. चल, बस. मागं केक आहे, तुझ्या नातीनं निवडलाय. तिची परीक्षा आहे म्हणून ती आणि तिची आई आल्या नाहीत. नळदुर्गला जाऊ, किल्ला बघू, तिथंच जेवू आणि परत फिरू. झालं तुझं चालणं."

"अजून झालं न्हाय. तू चालत ये," म्हणून बाई चालू लागल्या.

मग जे दृश्य झालं ते बघायला रस्त्याकडेचे लोक थांबले. पुढं बाई, मागं मी आणि आमच्या मागं पिवळे दिवे उघडझाप करत मुंगीच्या चालीनं गाडी. ट्रकवाले मागून कर्णे वाजवून शिव्या देत होते. अभिजित काचेतून डोकं काढून ओरडायचा, "आई, ऊन बघ!" बाई न वळता उत्तर द्यायच्या, "दिसतंय!" अखेर एका पंक्चरच्या दुकानापाशी त्यानं गाडी लावली, केकचा खोका फितीला धरून हातात घेतला आणि ऑफिसच्या बुटांत आमच्या मागं निघाला.

थोडं अंतर तो तसाच चालला. मग त्याचा बांध फुटला. मी बरोबर आहे याचंही त्याला भान राहिलं नाही. "बाबा होते तेव्हा तू घर सोडलं नाहीस. दिवाळीला या म्हणालो, नर्स ठेवू म्हणालो, तू आली नाहीस. तेव्हा तुला हलता येत नव्हतं. आता तुला थांबता येत नाही. माझ्याकडं आठ दिवस निघाले नाहीत तुझ्याच्यानं. मग मला आई कधी मिळणार?"

बाई चालत राहिल्या. पण त्यांचा हात पदराकडं गेला आणि पदर उगाचच त्या बोटाला गुंडाळू लागल्या.

तेवढ्यात शेतातून हाक आली. बांधाशी आगटी पेटवून एक वयस्क बाई कणसं भाजत बसली होती. "ओ बाई, कुठं निगालाव एवढ्या उनात? त्यो पाव्हना लंगडायलाय की!"

खरंच अभिजित लंगडत होता. आम्ही शेतात उतरलो. त्या बाईचं नाव रुक्मिणबाई. तिनं पोतं अंथरलं, तांब्याभर पाणी दिलं. अभिजितनं बूट काढला तर टाच सोलून निघालेली. आणि मग साळुंके बाई खाली बसल्या. पोत्यावर मांडी घातली, मुलाचं पाऊल मांडीवर घेतलं आणि रुक्मिणबाईकडून थोडं गोडंतेल मागून त्याला लावू लागल्या. तो पाय ओढून घेऊ लागला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांचा पाय असाच धरायची मी."

मग पावलाकडं बघतच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"आजार झाल्यावर पहिलं वर्ष ते रोज दिवेलागणीला रडायचे. जो माणूस खांद्यावर मोजणीची साखळी टाकून गावोगाव हिंडला, तो छताकडं बघत पडलेला. मला काही सुचंना. एक दिवस सहज विचारलं, सोनारीहून चालत निघालं तर पहिलं काय लागतं हो? त्यांनी खूप वेळ लावला. म्हणाले, ओढा. मग मी विचारलं, ओढ्याला पाणी आहे का? म्हणाले, आहे. म्हटलं, मग चपला हातात घेते. आणि ते हसले, अभी. वर्षात पहिल्यांदा हसले."

आगटीत कणसं तडतडत होती.

"तेव्हापासून रोज चालायचो आम्ही. रोज एखादा बांध, एखादी वाडी. घाई करायची नाही. मी बोलायची, ते मान हलवायचे नाहीतर एक शब्द टाकायचे. चिंच. दगड. मशीद. एकदा वाशीतली विहीर मी विसरले आणि पुढं गेले, तर जेवले न्हाईत त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मागं जावं लागलं. सगळ्यांना वाटायचं, बाई अडकली. तुलाही तेच वाटलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मी कुठं अडकले होते गं? त्या सगळ्या वर्षांत माझे पाय एकदाही ओरडले न्हाईत."

"मग?" अभिजितनं विचारलं.

"मग तुळजापूरच्या वेशीवर आलो. पाऊस पडत होता. खरा, बाहेर. ते म्हणाले, उद्या. उद्या दर्शन घेऊ आणि नळदुर्गकडं निघू, असं. पहाटे गेले." बाईंनी त्याच्या टाचेवर स्वतःचा हातरुमाल बांधला. "काल दर्शन घेतलं. आजचा रस्ता त्यांनी मला सांगितलेला न्हाय. सकाळपासून एकेक ओढा येतोय आणि मला माहीत नाही तो कोणता."

अभिजित म्हणाला, "मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू बीपी विचारायचास. गोळ्या विचारायचास. मी त्याचं उत्तर द्यायची." मग त्याच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाल्या, "तुला काळजी होती म्हणूनच विचारायचास. पण तुझ्या घरी आले की मला कुणी बसवून घेतच न्हाय रे. पाणी आणते म्हटलं की सून म्हणते, तुम्ही आराम करा. आराम करायला मला कुणीतरी लागतं, ज्याच्यासाठी बसावं असं."

अभिजितनं तोंड फिरवलं. रुक्मिणबाईला एवढ्या सगळ्यातलं किती कळलं कुणास ठाऊक, पण तिनं कणसं चोळून गरम हुरडा आमच्यापुढं ठेवला, वर गुळाचा खडा आणि शेंगदाण्याची चटणी. "खावा आधी. रडायला पोटात काय तरी लागतं." मग खोक्याकडं बोट करून म्हणाली, "त्यात काय हाय?"

खोका उघडला. केक एका कोपऱ्यात जाऊन बसला होता, नातीनं लिहून घेतलेल्या अक्षरांतलं फक्त 'आ' शाबूत होतं. सुरी कुणाकडंच नव्हती. "चाकू कशाला? इळा हाय की," म्हणत रुक्मिणबाईनं विळा पदरानं पुसून पुढं केला.

"तुमचा वाढदिवस कधी असतो?" साळुंके बाईंनी तिला विचारलं.

"आमचा कसला वाडदिस! ज्वारी भरात हुती तवा झाले म्हनं. आय सांगायची."

बाईंनी आजूबाजूच्या शेताकडं बघितलं. "मग आजच असंल की. या, धरा."

रुक्मिणबाई लाजून तोंडाला पदर लावून मागं सरकली. बाईंनी तिचा हात ओढून विळ्याच्या मुठीवर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि दोघींनी मिळून केक कापला. अभिजितनं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पहिला घास बाईंनी रुक्मिणबाईला भरवला. तिनं तो तोंडात घोळवला आणि म्हणाली, "लई मऊ हाय. पर हुरड्याची सर न्हाय." ती तेव्हा इतकी हसली की तिला ठसका लागला.

आम्ही निघालो तेव्हा अभिजितनं रुक्मिणबाईच्या मुलाच्या जुन्या चपला पायात घातल्या होत्या. गाडीचं नाव त्यानं काढलं नाही. मी मुद्दाम मागं राहिले. ती दोघं पुढं चालत होती. मधूनच तो हात करून काहीतरी दाखवायचा, बाई थांबायच्या, बघायच्या. एका ओढ्यापाशी मला ऐकू आलं, "आई, याला पाणी आहे." पुढं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नळदुर्गच्या किल्ल्यात पोचलो. बंधाऱ्यावरून पाणी पडत नव्हतं, ते दिवस पाण्याचे नव्हते. बाई कठड्याला धरून खालच्या पात्राकडं बघत राहिल्या. आता रडतील असं मला वाटलं. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "वरचा बुरूज राहिलाय." अभिजितनं कपाळाला हात लावला आणि त्यांच्या मागं पायऱ्या चढायला लागला. वर वारा जोरात होता. तिथून हायवे दिसत होता, ट्रकमागून ट्रक हैदराबादकडं चाललेले. बाई त्या रस्त्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या ती ओळखून मी आधीच सांगून टाकलं, "माझी रजा संपली, बाई."

कबूल केल्याप्रमाणं त्या पुण्याला गेल्या. राहिल्याही. अभिजितनं स्वयंपाकघरातलं एक पूर्ण काम त्यांच्या अंगावर टाकलं, रोज संध्याकाळी नात त्यांच्याकडं भूगोलाला बसायची. पण महिन्या-दीड महिन्यानं त्यांना आतून काहीतरी ढकलायला लागायचं. मग मला अभिजितचा फोन यायचा, "मॅडम, आई तिकडं आली का?" आवाजात राग नसायचा. मी म्हणायचे, "अजून नाही, येतील." आणि त्या यायच्या, कधी एक दिवस, कधी आठ दिवस. मागच्या पावसाळ्यात पुण्यात साधा ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं आणि दोन-तीन दिवसांत त्या गेल्या. अभिजितनं सांगितलं, शेवटच्या दुपारी आई सलाईनची सुई काढा म्हणून सारखी उठत होती. मग नात जवळ येऊन बसली तेव्हा शांत पडून राहिली.

मी दवाखान्यात पोचू शकले नाही. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या त्याआधीच्या हिवाळ्यात. मी बार्शीला लग्नाला एसटीनं चालले होते. येरमाळ्याच्या अलीकडं खिडकीतून बघते तर रस्त्याच्या कडेनं दोन बायका चाललेल्या. एक शेतकरीण, कडेवर लेकरू घेतलेली. आणि दुसऱ्या साळुंके बाई, इस्त्रीच्या साडीत, डोक्यावर गवताचा हा एवढा भारा. एका हातानं भारा धरलेला आणि दुसऱ्या हातानं बोलणं चाललेलं. कळंबला आल्याचं मला कळवलंही नव्हतं.

मी ओरडले, "बाई! साळुंके बाई!" कंडक्टर भला माणूस, त्यानं घंटी मारली. गाडी बरीच पुढं जाऊन थांबली. प्रवासी कुरकुरू लागले. दोघी चालत चालत खिडकीपाशी आल्या. भाऱ्याखालून बाईंचा चेहरा घामानं निथळत होता.

"बाई, हे काय? वर या, बार्शीला चला माझ्याबरोबर. लग्न आहे."

"नको गं. हिचं लेकरू कडेवरनं उतरंना, म्हणून भारा मी घेतला. वस्ती जवळच आहे म्हणते."

"मग परत कशा येणार?"

"बघू की." त्यांनी मान हलवली तसा भारा हलला आणि दोन काड्या माझ्या खिडकीत पडल्या. "तू जा, तुझी गाडी थांबलीय. लोक खोळंबलेत."

घंटी वाजली. गाडी हलली तशी मी मान बाहेर काढून बघत राहिले. त्या दोघी रस्ता सोडून पायवाटेनं शेतात उतरल्या. ज्वारी डोक्याएवढी वाढलेली होती. आधी ती बाई आणि लेकरू दिसेनासे झाले, मग साळुंके बाई. कणसांवरून तेवढा गवताचा भारा सरळ पुढं पुढं जाताना दिसत होता. नंतर गाडीनं वळण घेतलं.